सर्दीचे चार दिवस

"फुंक, अजून जोरात," मी म्हटलं.

बबितानं गाल फुगवले आणि फुंकर घातली. टेबलावरचा कापसाचा बोळा जागचा हलला नाही. हवा ओठांतून यायच्या ऐवजी नाकातून निसटली, बारीक फुरफुर आवाज झाला आणि तिनं लगेच माझ्याकडं बघितलं. आपलं चुकलं हे तिला माझ्या आधी कळलेलं असायचं.

नऊ वर्षांची होती. दुभंगलेली टाळू घेऊन जन्माला आलेली. दीड वर्षाची असताना कुठल्याशा शिबिरात टाळू शिवून झाली होती, तसा कागद तिच्या फाइलला लावलेला होता. बोलणं मात्र नाकातूनच यायचं. तिला नाव विचारलं की ती सांगायची, "ममिना." शाळेतली पोरंही तिला तेच म्हणायची.

पलीकडच्या खुर्चीत तिची आई बसलेली होती, सोजर वाघमोडे. मंगळवेढ्याच्या पुढच्या एका गावातून ती दर बुधवारी सकाळच्या एसटीनं सोलापूरला यायची. नवरा धनगर, दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन निघायचा तो उन्हाळा सरता सरता परत यायचा. ही डाळिंबाच्या बागेत कामाला जायची. बुधवारचा खाडा मुकादमाला आवडायचा नाही, असं तिनं एकदाच सांगितलं होतं, तेही मी उशीर का झाला म्हणून विचारलं तेव्हा.

मी वही मागितली. घरी रोज दोन वेळा सराव घ्यायचा आणि घेतला की वहीत खूण करायची, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. सोजरला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती उभ्या रेघा ओढायची. पानं रेघांनी भरलेली होती. सकाळची रेघ, संध्याकाळची रेघ, एकही दिवस मोकळा नाही.

मी वही मिटली. त्या दिवशी तो माझा सतरावा पेशंट होता आणि बाहेर बाकावर अजून आठ जण बसलेले होते.

"सोजरताई, नऊ महिने झाले," मी म्हटलं. "रोज दोन वेळा सराव केलेली मुलगी अशी बोलत नाही. खोट्या रेघा ओढून काय मिळणार? मला फसवाल, पण बोलायचं तिला आहे."

तिनं वही पिशवीत घातली, पदर खोचला आणि मुलीचा हात धरला. दारातून जाताना बबितानं मागं वळून टेबलावरच्या कापसाकडं बघितलं.

मी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते आणि एका ट्रस्टच्या दवाखान्यात वाचा-उपचाराच्या खोलीत एकटीच काम करत होते. तीन जणांची जागा होती, दोघं सोडून गेले होते. तोतरी मुलं, ऐकू न येणारी मुलं, अर्धांगानं वाचा गेलेले म्हातारे, आणि अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आलेली माणसं. खोली धुलाईच्या विभागाला लागून होती. दिवसभर यंत्रांची घरघर चालायची आणि तिच्यावर आवाज काढून बोलावं लागायचं. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसलेला असायचा. घरी गेल्यावर मी बोलत नसे. नवऱ्याला पहिली दोन वर्षं वाटत होतं की मी रुसलेय. नंतर त्यानं विचारायचं सोडून दिलं.

त्या थकव्यात एक गोष्ट मला सोयीची झाली होती. मूल सुधारलं नाही की घरी सराव होत नसणार, असं मी धरून चालायचे. बऱ्याचदा ते खरंही असायचं. आया खोटं सांगायच्या, मी ओळखायचे, आणि त्यांना खडसावून बोलायचे. खडसावायला फारसा वेळ लागत नाही.

सोजर पुढच्या बुधवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या बुधवारी मी फाइलवर 'उपचार अर्धवट सोडले' असं लिहिलं आणि फाइल खालच्या कप्प्यात टाकली. मला सुटल्यासारखं वाटलं, हे आज सांगायला हरकत नाही.

चौथ्या बुधवारी ती दारात उभी होती. सोबत बबिता, कान झाकून फडकं बांधलेलं. डिसेंबर लागला होता. बाकावर गर्दी होती, पण सोजर नंबर लावून बसली नाही, सरळ आत आली. तिनं असं पूर्वी कधी केलं नव्हतं.

मी म्हटलं, नंबर लावा. ती म्हणाली, एकच गोष्ट विचारायची आहे, मग जाते. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही.

गेल्या आठवड्यात बबिताला सर्दी झाली होती, असं तिनं सांगितलं. नाक अगदी चोंदून गेलं होतं. आणि त्या चार दिवसांत पोरगी नीट बोलायला लागली. शेजारच्या म्हातारीला तिचं बोलणं कधी कळत नसे, तिलाही कळलं. सोजरला वाटलं, देव पावला. पाचव्या दिवशी नाक मोकळं झालं आणि बोलणं परत पहिल्यासारखं. तिनं दोन रात्री विचार केला. मग एका सकाळी भाकरी थापता थापता पोरीला जवळ बोलावलं, पिठाच्या हातानं तिचं नाक चिमटीत धरलं आणि म्हणाली, आता बोल.

"नाक धरलं की नीट बोलती," सोजर म्हणाली. "सोडलं की बिघडतंय. मग मॅडम, मला एवढंच सांगा, चूक पोरीची हाय का नाकाची?"

मी पेन खाली ठेवलं.

मी बबिताला जवळ घेतलं. तिचं नाक दोन बोटांत धरलं आणि नाव विचारलं.

"बबिता," ती म्हणाली.

स्वच्छ. प्रत्येक अक्षर आपापल्या जागी. मी तिच्याकडून पोपट म्हणून घेतलं, कावळा म्हणून घेतलं, 'काका, खिडकी उघडा' म्हणून घेतलं. सगळं नीट आलं. नाक सोडलं आणि तेच परत म्हणायला लावलं. सगळं नाकात गेलं.

हे काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं. कळण्यासारखं काही अवघडही नव्हतं, आमच्या अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षाला हे शिकवतात. बोलताना टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलला जातो आणि नाकाकडची वाट बंद करतो. ती वाट बंद झाली तर हवा तोंडातून येते आणि 'ब' होतो. उघडी राहिली तर हवा नाकातून जाते आणि त्याच ओठांचा 'म' होतो. दोन्हीला ओठ तसेच मिटावे लागतात. म्हणजे 'ममिना' म्हणणारी मुलगी ओठ बरोबर मिटत होती, जीभ बरोबर टेकवत होती. तिच्या हातात होतं ते सगळं ती करत होती. उरलेलं तिच्या हातात नव्हतंच.

मी फाइल खालच्या कप्प्यातून काढली. पहिल्या दिवशीची नोंद माझ्याच अक्षरात होती. तेव्हा बबिता प, ब, त, क यांतलं एकही अक्षर तोंडात काढत नव्हती, सगळ्यांच्या जागी घशात एक झटका द्यायची. नाव सांगायला लावलं तर नुसते स्वर ऐकू यायचे. तिथून ती 'ममिना'पर्यंत आली होती. ते अंतर सरावाशिवाय कापलं जात नाही. रोज दोन वेळा, एकही दिवस मोकळा न सोडता केलेल्या सरावाशिवाय. आणि मी दर बुधवारी फक्त नाव ऐकत होते आणि सुधारणा नाही असं लिहीत होते.

मी बबिताला म्हटलं, नाक धरून तुला काय वाटेल ते बोल. मी ऐकतेय.

या वेळी तिनं स्वतःच आपलं नाक धरलं. मग माझ्याकडं न बघता, आईकडं बघत म्हणाली,

"आई खरं बोलती. मी रोज करती."

बाहेर कोणीतरी नंबर पुकारायला सांगत होतं. मी उठून दार लावून घेतलं.

एक्स-रे विभाग तळमजल्यावर होता. डोक्याचा बाजूनं फोटो काढायचा, एक गप्प बसलेली असताना आणि एक 'ई' म्हणत असताना. दोन्ही मिळून दहा मिनिटांचं काम. मी दोघींना घेऊन स्वतः खाली गेले. तिथल्या माणसानं विचारलं, आज एवढी घाई कशाची. बबिता फोटोच्या यंत्रासमोर ताठ उभी राहिली आणि सांगितल्यावर तिनं 'ई' म्हटलं, थांब म्हणेपर्यंत म्हणत राहिली.

दोघींना वर खोलीत पाठवून ओल्या फिल्मा मी डॉक्टर खमितकरांकडं घेऊन गेले. ते कान-नाक-घशाचे डॉक्टर, साठीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी फिल्म खिडकीकडं धरली. गप्प बसलेल्या फोटोत टाळू खाली होती, ते ठीकच. 'ई' म्हणताना ती वर उचलली गेली होती. जोर लावून उचलली गेली होती. आणि तरी घशाच्या मागच्या भिंतीपासून दूर राहिली होती.

"आखूड पडते," डॉक्टर म्हणाले. "शिवली म्हणून कागदावर लिहिलंय. पुरते का, ते कोणी बघितलं नाही."

मी म्हटलं, ते मी बघायला हवं होतं, सर. पहिल्याच महिन्यात.

ते म्हणाले, आता दुसरी शस्त्रक्रिया लागेल, टाळूला मागं जोड द्यावी लागेल. आपल्याकडं होत नाही, पुण्याला एक सर्जन आहेत, गरिबांना पैसे न घेता करतात, मी चिठ्ठी देतो. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी मला एक सल्लाही दिला. आईला सांगा, मूल वाढलं, घसा मोठा झाला, म्हणून आता टाळू कमी पडते. तसं होतंही काही मुलांत. तिचं समाधान होईल, तुम्हालाही त्रास नाही. उगाच मागचं उकरून कोणाचं भलं होत नाही.

ते वाईट माणूस नव्हते. मला वाचवत होते, आणि मला वाचायची फार इच्छा होती.

मी जिना चढून वर आले. एकोणीस पायऱ्या होत्या. त्या पायऱ्यांवर मी ते वाक्य मनात नीट जुळवलं. मूल वाढलं, घसा मोठा झाला. सोपं वाक्य होतं. सोजरनं मान डोलावली असती, चिठ्ठी घेतली असती आणि पुण्याला गेली असती. पण घरी गेल्यावर ती वही तिच्याकडं असणार होती, आणि त्या वहीतल्या रेघा खोट्या आहेत असं मी म्हटलेलं तसंच राहणार होतं.

खोलीत सोजर अजून उभीच होती. बबिता माझ्या खुर्चीवर बसून आरशात आपले दात बघत होती. हा आरसा मी मुलांच्या नाकाखाली धरायचे. बोलताना त्याच्यावर वाफ धरली की हवा नाकातून जातेय हे कळतं. बबिताच्या पहिल्या दिवशी वाफ धरली होती. मी तशी नोंदही केलेली होती. पण वाफ का धरतेय, ते मी पुढं जाऊन शोधलं नव्हतं.

मी सोजरला बसवलं. फिल्म दाखवली. ही जीभ, ही टाळू, ही मागची भिंत, आणि ही मधली फट. नखाएवढी. तिनं बोट लावून बघितलं.

"ही फट सरावानं भरत नाही," मी म्हटलं. "कितीही फुंकलं तरी नाही. तुमच्या मुलीनं सगळं बरोबर केलं. तुम्हीही केलं. वही खरी होती. हा फोटो मी पहिल्याच महिन्यात काढायला हवा होता. मी काढला नाही, आणि तुम्हाला खोटं ठरवलं. चूक माझी आहे."

मला वाटलं होतं, ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्या फिल्मकडं बघत बसली. शेजारची यंत्रं चालू होती.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "हितनं गेल्यावर मी तिला मारली. फुंकणीनं. मला वाटलं, मी भाकरी करती तवा ही नुसती बसून ऱ्हाती, आन मला करती म्हणून सांगती. ती रडत म्हणत व्हती, केलं म्हणून. मला तिचं बोलणं कळंना. मी आजून मारली."

चुलीची फुंकणी मीच सुचवली होती. घरात शिट्टी नाही, फुगे नाहीत, असं तिनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, चुलीजवळ फुंकणी असेल ना, ती फुंकायला लावा. ते तिलाही आठवत असणार. ती बोलली नाही.

बबितानं आरसा टेबलावर पालथा ठेवला.

मी चिठ्ठी दिली, पुण्याचा पत्ता समजावून सांगितला, कोणत्या वारी जायचं, कोणाला भेटायचं. सोजरनं सगळं ऐकलं, दोनदा म्हणून दाखवलं. उठताना तिनं विचारलं, मग हे एवढे बुधवार फुकट गेले का. मी म्हटलं, नाही. फट बुजली की तिला वर्षभर जे शिकायला लागलं असतं ते ती आधीच शिकलेली आहे. हे खरं होतं. पण माझ्या तोंडून ते ऐकायला तिला कसं वाटलं असेल, हे मला तिच्या चेहऱ्यावरून काही समजलं नाही.

जाताना तिनं दार ओढून घेतलं नाही. बाकावरच्या माणसांनी आत डोकावून बघितलं. मी पाच मिनिटं कोणालाच बोलावलं नाही, मग बोलावलं.

शस्त्रक्रिया पुढच्या मार्चमध्ये झाली. हे मला डॉक्टर खमितकरांकडून कळलं, पुण्याच्या सर्जनचं पत्र त्यांना आलं होतं. पत्रात लिहिलं होतं की मुलगी दोन महिने घोरेल, त्याला घाबरू नये, आणि नंतरचा वाचा-उपचार सोलापूरलाच करता येईल. मी बुधवारची सकाळची वेळ राखून ठेवली. एप्रिल गेला, मे गेला. कोणी आलं नाही. जूनमध्ये मी पुण्याला फोन लावला. तिथल्या वाचा-उपचारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की आई मुलीला घेऊन महिन्यातून एकदा पुण्यालाच येते, रात्रीच्या एसटीनं. सोलापूर जवळ पडेल असं त्यांनी तिला सुचवलंही होतं. आई नको म्हणाली. का, ते तिनं सांगितलं नाही.

मी राखून ठेवलेली वेळ दुसऱ्या मुलाला दिली.

अशा गोष्टीनंतर माणूस बदलतो असं म्हणतात. मी फारशी बदलले नाही. थकायचे तशीच थकत राहिले, घसा बसायचा तसा बसत राहिला. मुलांवर नाही, पण आयांवर आवाज चढायचा तो अधूनमधून चढतच राहिला.

तीन वर्षांनी, ऑगस्टमधल्या एका बुधवारी, नंबराची चिठ्ठी हातात धरून सोजर आत आली. केस कपाळावर पांढरे झाले होते. कडेवर चार वर्षांची एक मुलगी होती, तिच्या नणंदेची. नणंद मागं उभी होती, घाबरलेली. सगळं सोजरच बोलत होती. हिचीबी टाळू फाटलेली होती, शिवलेली आहे, आणि हीबी नाकात बोलते.

मी मुलीला टेबलावर बसवलं. बबिताबद्दल विचारायला मला धीर होत नव्हता. शेवटी विचारलं.

सातवीला आहे, असं सोजरनं सांगितलं. मग म्हणाली, बाप मेंढरं घेऊन गेला की रोज संध्याकाळी त्याला फोन लावते. मेंढरं कुठवर आली, कोकरू जगलं का, सगळं विचारते. पहिल्यांदा लावला तेव्हा बापानं आवाज ओळखला नाही. कोण बोलतंय, म्हणाला.

हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती, पोरीचं झबलं सारखं करत होती.

मी म्हटलं, बरं झालं, सोजरताई. मग मी कपाट उघडलं. मुलं रडू नयेत म्हणून मी पहिल्या दिवशी त्यांच्या हातात एक शिट्टी द्यायचे. ती काढायला हात आत घातला, तेवढ्यात सोजर पुढं झाली आणि तिनं कपाटाच्या दारावर हात ठेवला.

"ते ऱ्हाऊ द्या, मॅडम," ती म्हणाली. "पयला फोटू काढा."